वासालोपेटला सूप वाटायला गेले होते (आणि शेवटी दोरीपाशी उभी राहिले)

हिवाळपाखरू

मार्चच्या पहिल्या रविवारी मी सात तास एका जागी उभी राहून ब्लूबेरीचं सूप वाटलं. त्यानंतर तासभर एका दोरीपाशी उभी होते. सूप वाटणं सोपं गेलं. दोरीचं काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळची कराडची, गेली चार वर्षं स्वीडनमध्ये बोर्लेंगेला आहे. इथून उत्तरेला सिल्यान तलावाच्या काठी मोरा नावाचं गाव आहे. सेलेनजवळून निघून या मोरापर्यंत ९० किलोमीटर स्कीवर जायचं, ही वासालोपेट. पहिली १९२२ साली झाली, तेव्हा ११९ जण उतरले होते. आता मुख्य शर्यतीत सुमारे १५,८०० जण असतात. सकाळी आठला सगळे एकदम सुटतात आणि सुटल्या सुटल्या चढ लागतो, त्यामुळे पहिला तासभर तिथे नुसती गर्दी तुंबलेली असते. आषाढीला दिवेघाटात असते तशी, फक्त प्रत्येकाच्या पायाला दोन-दोन मीटरच्या फळ्या.

वाटेत सात थांबे आहेत: स्मोगान, मोंग्सबोदार्ना, रिसबेर्ग, एव्हर्ट्सबेर्ग, ऑक्सबेर्ग, हेकबेर्ग, एल्द्रिस. इथल्या लोकांना ही नावं पाठ असतात, आपल्याला कर्जत-लोणावळा मधली स्टेशनं असतात तशी. माझी नेमणूक एव्हर्ट्सबेर्गला होती, ४७ किलोमीटरवर. म्हणजे अर्ध्याच्या जरा पुढे.

मी गेले ती आमच्या शेजारच्या काकूंमुळे. (इथे सत्तरीच्या बाईलाही नुसत्या नावाने हाक मारतात, अगं-अरे करतात. माझ्या तोंडून ते अजून निघत नाही, म्हणून धाग्यात तरी काकू.) त्या मूळच्या एल्व्हदालेनच्या, त्यांच्या गावाकडच्या क्लबात माणसं कमी पडत होती. मला म्हणाल्या, "स्की येत नाही ना? उत्तम. स्की येणारे सगळे शर्यतीत असतात."

आदल्या रात्री त्यांच्या बहिणीकडे मुक्काम. त्या दोघी आपापसात जे बोलत होत्या त्यातला एक शब्द कळेल तर शपथ. मला वाटलं माझं स्वीडिश कच्चं. पण ते स्वीडिश नव्हतंच, एल्व्हदालेनची बोली होती. जेमतेम अडीच-तीन हजार लोक बोलतात, स्टॉकहोमच्या माणसालाही कळत नाही. जीव भांड्यात पडला.

सकाळी सहाला उणे १४. पिवळं जॅकेट मिळालं. मोठमोठ्या भांड्यांत सूप. ब्लूबेरी, साखर आणि स्टार्च, साधारण आपल्या पातळ खिरीइतकं दाट, रंग जांभळाच्या रसासारखा. गरम म्हणतात पण उकळतं नसतं, मुद्दाम कोमट ठेवतात. कारण घेणारा थांबत नाही. त्याच्या दोन्ही हातांना काठ्यांचे पट्टे अडकवलेले, हातमोजे जाड, त्याला ते एका घोटात संपवून पुढे जायचं असतं.

मी पहिले पंचवीस-तीस पेले काठोकाठ भरले. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा कप चहा देऊन बघा! काकूंनी मागून येऊन न बोलता माझ्या हातातल्या पेल्यातलं निम्मं सूप परत भांड्यात ओतलं. काठोकाठ भरलेलं सगळं त्याच्या छातीवर सांडतं आणि छातीवर गोठतं. पेला खालून तळव्यावर धरायचा, हात लांब करायचा, आणि तो घेताना आपण सोडून द्यायचं. धरून ठेवला तर दोघांचीही फजिती. या देण्याला इथे एक वेगळं क्रियापदच आहे, 'लांगा'.

दहाच्या आतच पहिला जथा आला आणि आमच्याकडे न बघता गेला. त्यांचे लोक त्यांच्या बाटल्या घेऊन वेगळे उभे असतात. मग हळूहळू गर्दी, आणि मग तीन तास मान वर करायला फुरसत नाही. "ब्लोबॅर्सोप्पा! वार्म ब्लोबॅर्सोप्पा!" माझा उच्चार ऐकून लोक हसत होते, पण घेत होते. पायाखाली रिकाम्या पेल्यांचा खच. दंताळ्याने ओढून ढीग करायला दोन शाळकरी पोरं, त्यांच्याइतकं काम त्या दिवशी कुणी केलं नसेल.

दुपारी काकू म्हणाल्या, चल, आता दोरीला माणूस हवाय.

दोरीचं उरलेलं खाली लिहिते, जेवण राहिलंय.

बोरिवली_फास्ट

अगं हे काय, दोरीवर आणून सोडलंस! मालिकेसारखं.

तोपर्यंत एक शंका. उणे १४ मध्ये सात तास उभं राहायचं म्हणजे घालायचं काय? मी डिसेंबरात माथेरानला स्वेटरवर शाल घेते.

हिवाळपाखरू

जेवले. कपड्यांचं आधी सांगते, कारण तिथे मी पहिल्या वर्षी चुकले असते.

स्कीवर जाणारा गरम असतो, तो पातळ कपड्यात जातो. त्याचं बघून कपडे घालू नका. उभा राहणारा गारठतो. अंगालगत लोकर, सुती अजिबात नको. सुती बनियन घामाने ओलं झालं की दिवसभर ओलं राहतं. त्यावर जाड लोकर, त्यावर वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे, म्हणजे दोन मोजे घातले तरी बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात तीन मोजे घातलेल्या एकीला दहा वाजताच शेकोटीपाशी नेऊन बसवावं लागलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: पायाखाली काहीतरी हवं. इथे प्रत्येकाच्या पाठपिशवीत फोमची एक छोटी चटई असते, बसायची. काकूंनी ती माझ्या पायाखाली टाकली आणि म्हणाल्या, यावरून उतरू नकोस. थंडी हवेतून जितकी येत नाही तितकी तळव्यातून येते.

हातांना पातळ लोकरीचे मोजे आणि त्यावर दवाखान्यातले निळे रबरी मोजे, एक नंबर मोठे. सूप सांडतंच. ते लोकरीत मुरलं की संपलं.

डॉ_थंडगार

वरचं सगळं बरोबर, माझी दोन पैशांची भर. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल, बोटं. यावर पांढरट, मेणासारखा ठिपका दिसला आणि तिथलं दुखायचं थांबलं, तर खूश होऊ नका. दुखणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं नाही, ती जागा गोठायला लागली आहे. चोळू नका. बर्फ तर मुळीच चोळू नका, हा जुना समज अजून ऐकू येतो. लगेच आत जा, सुरुवातच असेल तर बोटं काखेत धरा. बधिरपणा जात नसेल तर कोमट पाण्यात, साधारण ३७ ते ३९ अंश, आणि डॉक्टरला दाखवा. पुन्हा गोठायची शक्यता असेल तर मात्र शेकू नका. गोठून, वितळून, परत गोठलेलं बोट वाचवणं फार अवघड.

दोघादोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहावं. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही.

खवट_म्हातारा

एक कळलं नाही. शर्यतीला भरपूर फी असते, प्रायोजक असतात, टीव्हीवर दाखवतात. आणि सूप वाटायला फुकटात माणसं? आपले लोक परदेशात जाऊन राबतात आणि वर धागे काढतात. पैसे कुणाच्या खिशात जातात ते विचारलं का?

हिवाळपाखरू

विचारलं, आणि उत्तर मला आवडलं. शर्यतीचे मालक दोन क्रीडा क्लब आहेत, एक मोराचा आणि एक सेलेनचा. थांब्यांवरची माणसं आसपासचे क्लब पुरवतात आणि त्या कामाचे पैसे क्लबाला मिळतात. म्हणजे माझे सात तास काकूंच्या क्लबाच्या खात्यात गेले. त्यातून पोरांच्या स्की, बस, ट्रॅक तयार करायचं यंत्र. मला काय मिळालं? एक टोपी, दुपारी सूप (दुसरं, मटणाचं, मी पाव-चीज खाल्लं) आणि अमर्याद कॉफी.

खवट_म्हातारा

बरं. तक्रार मागे. टोपी कसली आहे?

रंकाळावेस

ही शर्यत राजाच्या पलायनावरून आहे ना? कुठंतरी वाचलंय.

हिवाळपाखरू

हो. गुस्ताव वासा. १५२० च्या हिवाळ्यात तो मोरात आला, डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठा म्हणून लोकांना विनवलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. तो नॉर्वेकडे निघाला. मागाहून स्टॉकहोमच्या कत्तलीची बातमी पोचली, लोकांना पस्तावा झाला आणि दोघांना स्कीवर त्याच्यामागे पाठवलं. त्यांनी त्याला सेलेनपाशी गाठलं, असं सांगतात. पुढे १५२३ मध्ये तो राजा झाला. म्हणजे तो मोराहून सेलेनकडे पळाला आणि शर्यत उलटी, सेलेनहून मोराकडे. मोरात त्याचा पुतळा आहे, तिथल्याच आंदेर्स सॉर्न या चित्रकाराने केलेला.

रंकाळावेस

तेच म्हणायचं होतं. आमच्याकडं दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. महाराज सिद्दीच्या वेढ्यातनं निसटले ती वाट. हजारो पोरं, मुसळधार पाऊस, गुडघ्याएवढा चिखल, जळवा. मी गेली नऊ वर्षं चालणाऱ्यात नाही, चहावाल्यात आहे. वाटेवरच्या एका वाडीत आम्ही चौघं चूल लावतो.

तुमचं अर्ध्या पेल्याचं वाचून हसलो. आमचं उलटं हाय. पावसात कप अर्धा दिला तर प्यायच्या आधी पावसाच्या पाण्यानं भरतोय. आम्ही काठोकाठच देतो.

बोरिवली_फास्ट

झालं, स्वीडनच्या धाग्यात पन्हाळा आला. आता पानिपत कुणी आणायचं?

रंकाळावेस

आणतो की, वेळ आली की.

मंगू_मिनेसोटा

आमच्याकडेही एक मोरा आहे! मिनियापोलिसच्या उत्तरेला, मिनेसोटात. स्वीडनच्या मोरावरूनच नाव, गावात मोठा लाल दालाघोडा (तिकडचा रंगवलेला लाकडी घोडा) उभा, आणि १९७३ पासून तिथेही वासालोपेट होते, ब्लूबेरी सूपसकट. मी दोन वर्षं कपडे सांभाळायच्या कामावर होतो. स्पर्धक सुटण्याआधी अंगावरचे जाड कपडे पिशवीत टाकतात, ती पिशवी त्यांच्या आधी शेवटच्या टोकाला पोचली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. हजारेक सारख्याच पिशव्या, नंबर मार्करने लिहिलेले, आणि समोर घामाने भिजलेला माणूस थंडीत कुडकुडत उभा. "माझी पिशवी निळी आहे." सगळ्याच निळ्या होत्या हो.

शेजारी विस्कॉन्सिनमध्ये केबल ते हेवर्ड बर्कबायनर नावाची स्की शर्यत आहे, ती आणखी मोठी. तिथे हेवर्डच्या मुख्य रस्त्यावर ट्रकने बर्फ आणून पसरतात, कारण शेवट गावाच्या मधोमध होतो. २०१७ ला हवा इतकी गरम झाली की शर्यत रद्दच केली. २०२४ ला नैसर्गिक बर्फ नव्हताच, मग यंत्राने केलेल्या बर्फाच्या १० किलोमीटरच्या वळशावर लोकांना फिरवलं. त्या वर्षी स्वयंसेवकांचं मुख्य काम फावड्याने बर्फ टाकणं होतं, असं मित्र सांगत होता.

हिवाळपाखरू

मंगू, इथेही बर्फाची रड आहेच. १९३२, १९३४ आणि १९९० ला बर्फ नाही म्हणून वासालोपेट झालीच नाही. आता थंडी पडली की आधी यंत्राने बर्फ करून ढीग घालून ठेवतात.

काकू १९९० चं सांगत होत्या. पण त्यांचं खरं वर्ष १९८१. बायकांना १९२४ पासून बंदी होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ ला, मार्गित नुर्दिन नावाची एकच बाई उतरली होती आणि तिने शर्यत पूर्ण केली होती. त्यानंतर थेट १९८१. बाई तोवर कुठे दिसायची? सुपाच्या भांड्यापाशी, आणि विजेत्याच्या गळ्यात हार घालायला. काकू शाळेत असल्यापासून एव्हर्ट्सबेर्गला सूप वाटायच्या. १९८१ ला बंदी उठली त्याच वर्षी उतरल्या. म्हणाल्या, एव्हर्ट्सबेर्गला पोचले तर आईने पेला पुढे केला, आणि मी तो घेताना सांडला.

बोरिवली_फास्ट

हे आधी सांगायचं ना! अख्खा धागा काकूंवर काढ.

पण आता दोरी. पळवाट नको.

हिवाळपाखरू

हं.

प्रत्येक थांब्याला एक वेळ ठरलेली असते. त्या वेळेनंतर आलेल्याला पुढे सोडत नाहीत, नाहीतर तो अंधारात जंगलात अडकेल. वेळ झाली की वाटेवर आडवी दोरी धरतात, खरीखुरी दोरी. मागे बस उभ्या असतात. इथे लोक सहज बोलताना म्हणतात, अमक्याला रिसबेर्गला दोरी लागली, तमक्याला ऑक्सबेर्गला.

दोरी धरायला क्लबातली जुनी माणसं होती. मला त्यांच्या मागे, चादरी आणि सूप घेऊन. काकूंनी फक्त एवढं सांगितलं: "पुढच्या वर्षी नक्की होईल असं म्हणू नकोस. छान केलंत म्हणू नकोस. 'ब्रा शेम्पत' म्हण आणि बस कुठे आहे ते दाखव." ब्रा शेम्पत म्हणजे चांगली झुंज दिलीत. मला वाटलं दोन्ही तेच की. पण मग लक्षात आलं, छान म्हटलं की समोरचा आपल्याकडे असं बघतो की आपणच खाली बघावं.

शेवटची पाच मिनिटं वाईट असतात. वरच्या वळणावरून माणसं येताना दिसतात, बाजूचे लोक "हेया, हेया!" ओरडतात, दोरीवाला घड्याळ बघतो. एक पोरगी अगदी दोरी उचलता उचलता वाकून निसटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यामागे एक साठीचे गृहस्थ. वीस पावलांवर असताना दोरी वर गेली.

ते ओरडले नाहीत, हुज्जत घातली नाही. दोरीपाशी आले, थांबले, मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग दोरीवाल्याचं बघितलं. दोन्हीत फरक नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूप आहे का?"

मी ब्रा शेम्पत म्हटलं. तीन पेले प्यायले. चौथा मी भरायला लागले तर हाताने नको म्हणाले. स्की काढायला वाकले तर बूट स्कीला अडकवायचा आकडा गोठून बसलेला, सुटेना. मी गुडघ्यावर बसले आणि त्यांच्याच काठीच्या टोकाने बर्फ ठोकून काढला. जरा वेळ गेला त्यात. मी कुठली विचारलं, सांगितलं. तिथे बर्फ असतो का? म्हटलं, आमच्या गावात नाही. "मग हे कुठे शिकलीस?" म्हटलं, आत्ता.

उठले, स्की खांद्यावर घेतल्या आणि रिकामा पेला माझ्या हातात परत दिला. दिवसभरात किती पेले दिले मोजले नाहीत. सगळे खाली पडले. हातात परत आलेला तेवढा एकच.

मग बसकडे गेले. बसमध्ये कुणी बोलत नव्हतं, काचा धुकट झालेल्या.

डॉ_थंडगार

बसमधल्यांना आधी ओले कपडे बदलायला लावतात का? थकून थांबलेला माणूस पंधरा मिनिटांत चालत्यापेक्षा जास्त गार होतो.

हिवाळपाखरू

चादरी होत्या, बसमध्ये हीटर जोरात. कपड्यांच्या पिशव्या मात्र मोराला गेलेल्या असतात, त्यामुळे बदलायला काही नसतं. ही अडचण आहेच. काकू म्हणतात अनुभवी माणूस पाठीला एक कोरडी बनियन बांधून निघतो, पण अनुभवी माणसाला सहसा दोरी लागत नाही.

रंकाळावेस

आमच्याकडं दोरी नसते. मागं राहिलेल्याला घ्यायला जीप जाते. पण जीपमधे बसायला कुणी तयार नसतंय. एक पोरगा दीड तास रडत चालला, जीप त्याच्यामागनं पहिल्या गिअरमधे. आम्ही त्याला चहा दिला. शेवटी बसला जीपमधे. त्याला काय बोलावं ते आम्हालाबी कळालं नव्हतं. तुमच्या काकूंचं वाक्य मराठीत काय होईल?

खवट_म्हातारा

"लढलास." एवढं पुरे.

रंकाळावेस

घेतलं.

पिठलंभाकर

वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. सहा महिन्यांपूर्वी फालुनला आलोय. स्वीडिश अजून वर्गात बसून गिरवतोय. पुढच्या मार्चला मला येता येईल का? भाषा येत नाही हे चालतं का? आणि फालुनलाच २०२७ मध्ये स्कीची जागतिक स्पर्धा आहे म्हणे, तिथेही माणसं लागतील ना?

हिवाळपाखरू

लागतीलच. पण मोठ्या स्पर्धेत गळ्यात कार्ड, प्रशिक्षण, ठरलेली जागा, असं असतं. आधी एखादा थांबा कर, पाय किती वेळ टिकतात ते कळेल.

भाषेचं म्हणशील तर चार शब्द पुरतात: सूप, गरम, हेया, ब्रा शेम्पत. कामात गप्पा मारायला वेळच नसतो. उलट सहा महिने ऑफिसात बसून मी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या एका दिवसात बोलले. इथली माणसं एरवी बसथांब्यावर दोन मीटर लांब उभी राहतात. हातात भांडं असलं की जवळ येतात.

काकूंना विचारलं. म्हणाल्या, त्याला स्की येते का?

पिठलंभाकर

नाही!!

हिवाळपाखरू

मग तुझी जागा पक्की. बुटाचा नंबर कळव. त्यांच्याकडे त्यांच्या नवऱ्याचे ४४ चे आहेत, आत नमदा घातलेले. तू ४३ असशील तर बरोबर.

पिठलंभाकर

४२.

हिवाळपाखरू

अजून उत्तम. दोन मोजे.